ऑस्ट्रोनेशियन भाषांत शब्दाचा अर्थ कसा सरकला, हे टप्प्याटप्प्यानं कसं शोधावं

मलय भाषेत ‘बारात’ म्हणजे पश्चिम. मादागास्करच्या मलागासीत ‘आवारात्रा’ म्हणजे उत्तर. फिलिपिन्समधल्या उत्तर लुझोनच्या इलोकानोत ‘आबागातान’ म्हणजे दक्षिण. तिन्ही भाषा ऑस्ट्रोनेशियन घराण्यातल्या, म्हणजे तैवानपासून मादागास्कर आणि हवाईपर्यंत पसरलेल्या एका भाषाकुळातल्या, आणि तिन्ही शब्द एकाच मुळापर्यंत जातात.

हे पाहिल्यावर बहुतेकांचं दोनपैकी एका ठिकाणी चुकतं. काही जण म्हणतात, अर्थ इतके वेगळे आहेत म्हणजे शब्द एक नसणारच, आणि विषय सोडून देतात. काही जण घाईनं ‘मूळ अर्थ दिशा असा असावा’ असं लिहून मोकळे होतात. दोघांनीही सुरुवात अर्थापासून केलेली असते, आणि तिथेच काम बिघडतं. क्रम असा हवा: आधी उसने शब्द बाजूला काढायचे, मग ध्वनी तपासायचे, मग प्रत्येक ठिकाणचा अर्थ पूर्ण लिहायचा, मग नकाशा उघडायचा, आणि मूळ अर्थाबद्दल अगदी शेवटी बोलायचं. यातली एक पायरी जरी पुढे-मागे झाली तरी निष्कर्ष पटण्यासारखा दिसतो आणि चुकीचा असतो.

## तयारी: बसण्याआधी काय जवळ हवं

तक्ता. वही चालेल, एक्सेल असेल तर आणखी बरं. रकाने सहा: भाषा, नेमकं ठिकाण, शब्दाचं रूप, पूर्ण अर्थ, वापराचं एक उदाहरण, शंका. शंकेचा रकाना कंटाळून वगळला जातो, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो.

नकाशा. देशांच्या सीमा दाखवणारा नको. डोंगर, नद्या आणि किनारे दाखवणारा हवा. शेजारी मोसमी वाऱ्यांच्या दिशांचा एक नकाशा ठेवा.

भाषांची निवड. या घराण्यात बाराशेच्या आसपास भाषा आहेत. त्या सगळ्या लागत नाहीत, पण वेगवेगळ्या फांद्यांवरच्या लागतात. तैवानच्या मूळ रहिवाशांची एक (आमिस, पायवान किंवा बुनुन), फिलिपिन्समधल्या दोन (टागालोग, इलोकानो), पश्चिम इंडोनेशियातल्या दोन-तीन (मलय, जावानीज, बालीनीज), मलागासी, आणि ओशनियातल्या, म्हणजे प्रशांत महासागराच्या बेटांवरच्या तीन-चार (फिजियन, सामोअन, माओरी, हवाईयन). भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांच्या मांडणीत या घराण्याच्या दहा मुख्य शाखांपैकी नऊ एकट्या तैवानमध्ये आहेत, आणि बाकी सगळा पसारा, फिलिपिन्सपासून मादागास्कर आणि हवाईपर्यंत, दहाव्या शाखेत मोडतो. म्हणून तैवानची एक भाषा सुटली तर घराण्याचा पायाच सुटतो.

कोश. ब्लस्ट आणि स्टीफन ट्रसेल यांची ‘ऑस्ट्रोनेशियन कम्पॅरेटिव्ह डिक्शनरी’ इंटरनेटवर मोफत पाहता येते. ती तपासणीसाठी वापरा. आधी स्वतः शब्द जमवा, मग तिच्याशी ताडून पाहा. उलट केलंत तर आपण फक्त उतरवून घेतो आणि पुढच्या शब्दाला पुन्हा अडतो.

लेखनाचे संकेत. देवनागरीत हे शब्द लिहिताना हमखास चुका होतात.

- मलय ‘लाङित’ (आकाश) यात ‘ग’ नाही. ‘वाङ्मय’मधला ङ आहे. ‘लांगित’ लिहिलंत की नसलेला ‘ग’ तक्त्यात शिरतो.
- मलागासीत ‘ओ’ लिहितात आणि ‘उ’ म्हणतात. दक्षिणेसाठीचा शब्द कोशात ‘आत्सिमो’ दिसला तरी उच्चार ‘आत्सिमु’ आहे.
- मलयमधला ओझरता स्वर बरोबर आपल्या ‘अ’सारखा आहे. तो ‘ए’ लिहू नका.
- हवाईयनमध्ये घसा क्षणभर बंद करून काढलेला आवाज हे एक पूर्ण व्यंजन आहे. तक्त्यात ते ’ या खुणेनं दाखवा.
- तारांकित रूप, उदा. *लाहुद, म्हणजे कुठेही नोंदलेला नसलेला, तुलनेतून उभा केलेला शब्द. यातल्या एका जुन्या कंपित ध्वनीसाठी मी ‘ऱ’ वापरतो आणि घशात खोल उच्चारलेल्या ‘क’साठी ‘क़’.

> तपासा: तक्त्यात कुठेही नुसतं ‘इंडोनेशिया’ किंवा ‘फिलिपिन्स’ लिहिलं असेल तर थांबा. बेट आणि किनारा लिहा. पुढे सगळं त्यावर अडणार आहे.

## टप्पा 1: उसने शब्द बाजूला काढा

मराठी वाचकासाठी हा टप्पा सगळ्यात निसरडा आहे, कारण समोर येणारे कितीतरी शब्द ओळखीचे निघतात. मलय ‘सुआमी’ म्हणजे नवरा (स्वामी), ‘पुआसा’ म्हणजे उपास (उपवास), टागालोग ‘मुखा’ म्हणजे चेहरा (मुख). हे सगळे संस्कृतातून गेलेले. मलय ‘नानास’ आणि आपला ‘अननस’ दोन्ही पोर्तुगीजांनी आणलेले. असे शब्द मूळ तक्त्यात ठेवायचे नाहीत.

पण फेकूनही द्यायचे नाहीत. उसना शब्द आला की जुना शब्द कुठेतरी सरकतो, आणि आपल्याला हवं ते नेमकं तिथे असतं. एक उदाहरण जवळून बघू.

मलयमध्ये डोक्याला ‘कपाला’ म्हणतात. संस्कृत ‘कपाल’ म्हणजे कवटी. मराठीत त्याचं कपाळ झालं, मलयमध्ये अख्खं डोकं. मग मलयचा स्वतःचा जुना शब्द कुठे गेला? जुनं रूप *क़ुलु, म्हणजे डोकं. पायवानमध्ये ‘क़ुलु’, टागालोगमध्ये ‘ऊलो’, सामोअनमध्ये ‘उलु’, अर्थ सगळीकडे डोकं. मलयमध्ये तो ‘हूलू’ म्हणून जिवंत आहे, पण आज त्याचा अर्थ नदीचा वरचा भाग, उगमाकडची बाजू, आणि क्रिससारख्या शस्त्राची मूठ. मलेशियात हुलू सलांगोर नावाचा जिल्हाच आहे. ‘पङहूलू’ म्हणजे गावचा प्रमुख, ‘दाहूलू’ म्हणजे पूर्वी. डोक्याचं काम ‘कपाला’नं उचललं आणि ‘हूलू’ नदी, मूठ, पुढारी आणि भूतकाळ यांत वाटला गेला.

> इशारा: नातेवाईक भाषाही एकमेकींकडून उसनं घेतात, आणि ते ओळखणं जास्त अवघड असतं. सुरुवातीच्या ‘आवारात्रा’मधला ‘र’ मलागासीच्या नेहमीच्या ध्वनिनियमात बसत नाही. भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर आडेलार यांनी मलागासीवरच्या मलय प्रभावाचा अभ्यास केला आहे आणि अशा शब्दांना ते मलय दर्यावर्द्यांकडून आलेले मानतात. मूळ एकच असलं तरी हा शब्द वारशानं न येता वाटेत घेतलेला आहे. हे शंकेच्या रकान्यात लिहायलाच हवं.

## टप्पा 2: योगायोग ओळखा

मलय ‘दुआ’ म्हणजे दोन. संस्कृत ‘द्वि’, हिंदी ‘दो’. हे बघून मराठी माणसाला वाटणारच की शब्द आपल्याकडून गेला. 1841 मध्ये फ्रान्झ बॉप यांच्यासारखे मोठे अभ्यासकही या भाषा संस्कृतच्या घराण्यात बसवायला निघाले होते. पण आमिस भाषेत दोनला ‘तुसा’ म्हणतात, आणि जुनं रूप *दुसा असं निघतं. मधला ‘स’ मलयमध्ये गळून गेला म्हणून ‘दुआ’ उरला. साम्य आजचं आहे. मागे जावं तसं ते कमी होतं.

हीच कसोटी प्रत्येक ठिकाणी लावा: दोन शब्दांची जुनी रूपं एकमेकांच्या जवळ येतात की लांब जातात? मलय ‘माता’ म्हणजे डोळा आणि आधुनिक ग्रीकमध्ये डोळ्याला ‘माती’. ग्रीक शब्द मागे नेला की तो ‘ओम्मातिओन’पाशी पोचतो. संबंध संपला.

## टप्पा 3: ध्वनींचा हिशेब आधी पूर्ण करा

ज्या शब्दाचा अर्थ कुठेच फारसा बदललेला नाही असा शब्द घ्या आणि त्यावरून ध्वनींची मोजपट्टी बनवा. आकाशाचा शब्द यासाठी उत्तम: मलय आणि टागालोग ‘लाङित’, मलागासी ‘लानित्रा’, सामोअन ‘लाङी’, माओरी ‘राङी’, हवाईयन ‘लानी’. सगळीकडे अर्थ आकाश. एवढ्यातून चार नियम हाती लागतात. माओरीत ‘ल’चा ‘र’ होतो. हवाईयनमध्ये ‘ङ’चा ‘न’ होतो. पोलिनेशियात (सामोआ, न्यूझीलंड, हवाई या बाजूच्या बेटांवर) शेवटचं व्यंजन गळतं. मलागासीत शेवटच्या ‘त’चा ‘त्रा’ होतो. ‘बारात’मधून ‘वारात्रा’ कसं निघतं ते इथेच अर्धं कळलं.

आता मलय आणि टागालोग शेजारी ठेवून या चार जोड्या वाचा:

- तांदूळ: मलय ‘बरास’, टागालोग ‘बिगास’
- अंडं: मलय ‘तलुर’, टागालोग ‘इत्लोग’
- ऐकणं: मलय ‘दङार’, टागालोग ‘दिनिग’
- शीर: मलय ‘उरात’, टागालोग ‘उगात’ (टागालोगमध्ये झाडाचं मूळसुद्धा)

मलयमध्ये जिथे ‘र’ तिथे टागालोगमध्ये ‘ग’. जुना ध्वनी ‘ऱ’, आणि दोघींनी तो आपापल्या परीनं वळवला. आता याच पट्टीवर पुढच्या दोन जोड्या ठेवा:

- मलय ‘बारात’ (पश्चिम), टागालोग ‘हाबागात’ (नैर्ऋत्य मोसमी वारा)
- मलय ‘तिमुर’ (पूर्व), टागालोग ‘तिमोग’ (दक्षिण)

अर्थ जुळत नाहीत, पण ‘र’ आणि ‘ग’ ठरल्या जागी आहेत. म्हणून या जोड्या एकाच शब्दाच्या आहेत असं मानून आपण पुढे जातो. तांदूळ आणि अंड्यानं दिलेला नियम दिशांच्या शब्दांनाही लागू पडला, हा खरा पुरावा. अर्थ बघून ‘हाबागात’ आणि ‘बारात’ जवळचे वाटले म्हणून जोडले असते तर त्याला काहीच वजन नसतं.

नियम जिथे मोडतो तिथे लपवू नका. इलोकानोत हा जुना ध्वनी कुठे ‘र’ दिसतो (‘उरात’, शीर), कुठे ‘ग’ (‘बागास’, तांदूळ). म्हणजे ‘आबागातान’मधला ‘ग’ घरचा की शेजारच्या भाषेतून आलेला, हा प्रश्न तक्त्यात उघडा राहू द्या.

> इशारा: सारखे दिसणारे दोन वेगळे शब्द इथेच पकडले जातात. बालीनीजमध्ये ‘उमाह’ म्हणजे घर आणि ‘उमा’ म्हणजे भाताचं खाचर. एकातून दुसरा निघाला असं सहज वाटतं. पण पहिल्याचा मलय जोडीदार ‘रूमाह’ (घर, आमिसमध्ये ‘लोमा’) आणि दुसऱ्याचा ‘हूमा’ (डोंगरउताराची जिरायती शेती). सुरुवातीची व्यंजनं वेगळी, म्हणजे शब्द दोन. ‘घराभोवतीचं शेत’ वगैरे कल्पना कितीही सुंदर असली तरी ती सोडून द्यायची.

## टप्पा 4: अर्थ एका शब्दात लिहू नका

कोशातला पहिला प्रतिशब्द उचलून तक्त्यात टाकणं ही सवय मोडल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. *बानुआ हा शब्द घ्या. घाईघाईत केलेला तक्ता असा दिसतो: मलय ‘बनुआ’ खंड, सुलावेसी बेटावरची तोराजा ‘बानुआ’ घर, जुनी जावानीज ‘वानुआ’ गाव, फिजियन ‘वानुआ’ जमीन, सामोअन ‘फानुआ’ जमीन, हवाईयन ‘होनुआ’ पृथ्वी, माओरी ‘फेनुआ’ जमीन. (जुन्या ‘ब’चा ओशनियात ‘प’, पोलिनेशियात ‘फ’, हवाईत ‘ह’, पहिला स्वर टोंगा, माओरी आणि हवाईत नियमाबाहेर बदलतो, ते शंकेच्या रकान्यात.) घरापासून खंडापर्यंत सगळं आहे, आणि यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता अर्थ पूर्ण लिहा. फिजीत ‘वानुआ’ म्हणजे जमीन, आणि त्या जमिनीशी बांधलेली माणसं, त्यांचा प्रमुख, त्यांच्या रीतीसुद्धा. माओरीत ‘फेनुआ’ म्हणजे जमीन आणि बाळंतपणात पडणारी वारसुद्धा, आणि ती वार कुळाच्या जमिनीत पुरायची रीत आहे. जिथे आपली नाळ पुरली ती जागा आपली, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्या ‘गाव’ शब्दाकडे बघा. ‘गाव डोंगरापलीकडे आहे’ यात जागा आहे. ‘अख्खा गाव लोटला’ यात माणसं आहेत. ‘गावाला चाललो’ यात आपलं मूळ आहे. *बानुआचा जुना अर्थ असाच भरगच्च असावा: ज्या मुलुखावर एखादी वस्ती जगते तो मुलूख, वस्तीसकट. ब्लस्ट यांनीही या शब्दाचा अर्थ देताना एका प्रतिशब्दावर न भागवता लांबलचक वर्णन केलं आहे. असा अर्थ धरला की तोराजानं तो घरापर्यंत आवळला आणि मलयनं खंडापर्यंत ताणला, हे दोन्ही पटतं.

> तपासा: प्रत्येक अर्थासमोर एक वाक्य किंवा एक जोडशब्द आहे का? नसेल तर तो अर्थ अजून तुमच्या हाती आलेला नाही.

## टप्पा 5: बदल कोणत्या बाजूनं झाला ते ठरवा

इथे बहुमत चालत नाही. पोलिनेशियातल्या वीस भाषांत एकच अर्थ असला तरी तो एकच साक्षीदार, कारण त्या सगळ्या एका आईच्या लेकी आहेत. तैवानची एक भाषा आणि हवाईयन एकच गोष्ट सांगत असतील तर त्याचं वजन त्या विसांहून जास्त.

‘व्यापक अर्थ आधी, नेमका अर्थ नंतर’ हा अंदाजही फसवतो. *मानुक बघा. टागालोग ‘मानोक’ कोंबडी, जावानीज ‘मानुक’ पक्षी, माओरी ‘मानु’ पक्षी, टोंगन ‘मानु’ प्राणी किंवा पक्षी. सरळ वाटतं की आधी पक्षी होता, टागालोगनं तो कोंबडीपुरता केला. पण दुहेरी रूप, *मानुमानुक, हेही जुनं आहे आणि पक्ष्यांसाठी ते वापरलं जायचं. ब्लस्ट यांचा निष्कर्ष असा की साधं रूप कोंबडीचं आणि दुहेरी रूप पक्ष्यांचं. म्हणजे टागालोगनं जुना अर्थ राखला आणि जावानीज-माओरीत अर्थ पसरला. शब्दाची दुहेरी आणि प्रत्यय लागलेली रूपं गोळा केली नसती तर दिशा उलटी लागली असती.

आणि पूल शोधा: दोन्ही अर्थ एकत्र नांदतात अशी एखादी भाषा. ‘पाच’ आणि ‘हात’ यांचा संबंध आपण तर्कानं लावू शकतो, पण हवाईयनमध्ये ‘लिमा’ म्हणजे आजही हात आणि पाच दोन्ही, हे सापडल्यावर तर्काची गरज उरत नाही. पूल नसेल तर ‘बहुधा’ लिहा.

## टप्पा 6: नकाशा उघडा

आता दिशा. *लाहुद आणि *दाया ही जुनी जोडी, तैवानमध्येही टिकलेली. पहिल्याचा अर्थ समुद्राकडे, नदीच्या उताराकडे. दुसऱ्याचा अर्थ आत डोंगराकडे, नदीच्या वर. कोकणातल्या माणसाला हे लगेच उमगेल. ‘वर गेलाय’ म्हटलं की घाटावर गेला, हे सांगायला होकायंत्र लागत नाही.

ही जोडी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर ठेवून बघा.

इलोकोस हा लुझोनचा वायव्येकडचा किनारा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कॉर्डिलेरा डोंगर. इलोकानोत ‘लाउद’ म्हणजे पश्चिम, ‘दाया’ म्हणजे पूर्व. उरलेल्या दोन दिशा वाऱ्यांवरून आल्या: ‘आमियानान’ उत्तर, ‘आबागातान’ दक्षिण. एक अक्ष जमिनीचा, एक वाऱ्याचा.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र उत्तरेला. जावानीज ‘लोर’ म्हणजे उत्तर, तोच शब्द झिजलेला. मलयमध्ये ‘लाउत’ म्हणजे नुसता समुद्र, पण ‘बारात लाउत’ म्हणजे वायव्य, ‘तिमुर लाउत’ म्हणजे ईशान्य, ‘बारात दाया’ म्हणजे नैर्ऋत्य. या जोडशब्दांत ‘लाउत’ उत्तरेचं काम करतो आणि ‘दाया’ दक्षिणेचं. समुद्र आणि उत्तर यांचा पूल मलयनं स्वतःच जपून ठेवला आहे. (उत्तरेला मलय आज ‘उतारा’ म्हणते, तो संस्कृत ‘उत्तर’. टप्पा 1 आठवा.)

बालीत ही जोडी ‘कलोद’ (समुद्राकडे) आणि ‘काजा’ (डोंगराकडे) अशी आहे, आणि अजून पूर्ण जिवंत आहे. बेटाच्या मधोमध डोंगर. म्हणून दक्षिणेतल्या देनपासारला ‘काजा’ म्हणजे उत्तर, आणि उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाला तोच ‘काजा’ म्हणजे दक्षिण. माझ्या पहिल्या तक्त्यात ‘काजा’समोर नुसतं ‘उत्तर’ लिहिलं होतं, कारण हाताशी असलेली शब्दयादी दक्षिण बालीतली होती. त्या एका शब्दावर पुढची चार पानं उभी होती आणि ती सगळी पुन्हा लिहावी लागली. तेव्हापासून ‘नेमकं ठिकाण’ हा रकाना भरल्याशिवाय मी अर्थाचा रकाना भरत नाही.

आता वारे. *हाबाऱात आणि *तिमुऱ ही मोसमी वाऱ्यांची नावं. इथे नुसता किनारा बघून भागत नाही, विषुववृत्त बघावं लागतं. दक्षिणेकडे, जावा आणि दक्षिण बोर्निओत, पावसाचा वारा डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिम-वायव्येकडून येतो. उत्तरेकडे, फिलिपिन्समध्ये, पावसाचा वारा जून ते सप्टेंबरात नैर्ऋत्येकडून येतो. कोकणात जूनमध्ये येतो तोच नैर्ऋत्य मोसमी वारा तिकडे ‘हाबागात’ आहे. मादागास्करच्या उत्तरेला पावसाळी वारा वायव्येकडून, म्हणजे उत्तरेच्या बाजूनं. तेव्हा मलयमध्ये पश्चिम, इलोकानोत दक्षिण, मलागासीत उत्तर हे तिन्ही अर्थ ‘पाऊस घेऊन येणारा वारा जिकडून येतो ती बाजू’ या एका गोष्टीवर बसतात. मलागासीत ‘वारात्रा’ म्हणजे कडाडणारी वीज, हा त्याला चांगला दुजोरा.

> इशारा: बदललं काय आणि टिकलं काय, दोन्ही लिहा. ‘अर्थ पश्चिमेवरून दक्षिणेकडे गेला’ हे वाक्य चुकीचं आहे. तो तसा कुठेच गेला नाही. पावसाचा वारा तोच राहिला, त्याची येण्याची बाजू त्या-त्या ठिकाणी वेगळी होती.

## टप्पा 7: जोडीदारावर ताडून बघा

दिशेचा शब्द एकटा नसतो. एक वळला तर समोरचाही तेवढाच वळायला हवा. इलोकानो: ‘लाउद’ पश्चिम, ‘दाया’ पूर्व, समोरासमोर. मलय: ‘बारात’ पश्चिम, ‘तिमुर’ पूर्व, समोरासमोर. मलागासी: ‘आवारात्रा’ उत्तर, ‘आत्सिमु’ दक्षिण, समोरासमोर. दोन्ही शब्द एकाच मापानं फिरले, याचा अर्थ अख्खी जोडी एकत्र नव्या जागी बसवली गेली.

फिलिपिन्समध्ये मात्र कसोटी अडते. टागालोग ‘तिमोग’ दक्षिण आणि ‘हाबागात’ नैर्ऋत्य वारा. दोघे समोरासमोर न राहता एकाच बाजूला आले. अशा वेळी नियम वाकवू नका, जोडी नव्यानं शोधा. टागालोगमध्ये ‘हाबागात’च्या समोर आज ‘आमिहान’ उभा आहे, ईशान्येचा कोरडा वारा. म्हणजे जुनी जोडी फुटली, समोरची जागा तिसऱ्या शब्दानं घेतली आणि ‘तिमोग’ मोकळा होऊन दिशेचं नाव बनला. जावानीजमध्येही असंच: ‘लोर’ उत्तर टिकला, पण दक्षिणेला ‘किदुल’ म्हणतात, *दायाचा वंशज तिथे नाही.

## टप्पा 8: निष्कर्ष कसा लिहावा

चार वाक्यं पुरतात, याच क्रमानं. रूप आणि ते कोणत्या शाखांत सापडतं. जुनेपणाची पातळी: तैवानमध्ये आणि तैवानबाहेर दोन्हीकडे साक्षीदार असतील तरच शब्द संपूर्ण घराण्याच्या मुळाशी न्यायचा, नाहीतर दहाव्या शाखेच्या मुळाशी थांबायचं. मग जुना अर्थ, वर्णनासकट. मग प्रत्येक बदल कोणत्या पुराव्यावर: पूल, जोडीदार की नुसता तर्क.

दोन गोष्टी टाळा. तारांकित रूपाला ‘मूळ लोकांचा शब्द’ म्हणून मिरवू नका, तो आपला हिशेब आहे. आणि शब्दावरून लगेच माणसांच्या स्थलांतराच्या गोष्टी सांगू नका. ‘आवारात्रा’ उसना आहे एवढंच धरलं तरी बोटींच्या मार्गाची गोष्ट बदलते.

## सरावासाठी दोन शब्द

*तासिक: मलय ‘तासिक’ तलाव, जुन्या जावानीजमध्ये समुद्र, माओरी ‘ताई’ समुद्र आणि भरती-ओहोटी, हवाईयन ‘काई’ समुद्र. आधी ‘त’चा हवाईयन ‘क’ दुसऱ्या एखाद्या शब्दावर सिद्ध करा (डोळा: ‘माता’, ‘माका’). मग खारं पाणी गोड्या तळ्यापर्यंत कसं आलं याचा विचार करताना मलयमध्ये समुद्राची जागा कोणत्या शब्दानं घेतली ते बघा. तो शब्द वर येऊन गेला आहे.

दुसरा, *क़ुतान: मलय ‘हूतान’ जंगल, माओरी ‘उता’ आणि हवाईयन ‘उका’ जमिनीच्या आतली बाजू. होनोलुलूत आजही पत्ता सांगताना ‘माउका’ (डोंगराकडे) आणि ‘माकाई’ (समुद्राकडे) म्हणतात. दोन्ही सराव पूर्ण झाले की हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवा आणि बालीच्या ‘काजा’ आणि ‘कलोद’शी ताडून बघा. शब्द पूर्ण वेगळे आहेत, जोडी तीच आहे. मग तक्त्यात एक सातवा रकाना काढा: जोडीदार.